खताचा क्षार, यंत्राचा गंज : पेरणीनंतर करावयाची निगा

मृगाची पेरणी उरकली की शेतकऱ्याचे सारे लक्ष शेताकडे लागते. उगवण कशी झाली, नांगे कोठे पडले, पुढचा पाऊस केव्हा येतो, हाच विचार घरात असतो. ज्या यंत्राने पेरणी केली ते मात्र खताच्या पेटीत ओंजळ-दोन ओंजळ खत शिल्लक असतानाच छपरात ढकलले जाते. खताची पोती वाहिलेली ट्रॉली झाडाखाली उभी राहते. त्यांची आठवण होते ती थेट रब्बीच्या तोंडावर.

आमच्या घरचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी तीन घरांत मिळून घेतलेल्या ट्रॅक्टरचलित बी व खत पेरणी यंत्राने आमच्याकडे सोयाबीन पेरले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आले म्हणून यंत्र घाईने छपरात लावले. उद्या धुऊ असे ठरले आणि तो उद्या काही उजाडला नाही. ऑक्टोबरमध्ये हरभऱ्यासाठी यंत्र बाहेर काढले, तर खत सोडणाऱ्या दातेरी रोळ्यांचा दांडा जागचा हलेना. वडिलांनी पान्याने जोर दिला तेव्हा दोन रोळ्या तुटल्या. तालुक्याच्या गावी दुरुस्तीत चार दिवस गेले. जमीन कोरडवाहू, तेवढ्यात वरची ओल उडाली. पुढे पेरलेला हरभरा विरळ उगवला. दुरुस्तीचा खर्च विसरता आला, पण तो विरळ हरभरा काढणीपर्यंत डोळ्यांसमोर राहिला. मी त्या वेळी कृषी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो आणि खतांच्या क्षारांवर परीक्षेत उत्तरे लिहीत होतो. घरच्या यंत्रात तेच क्षार काय करीत आहेत, हे मात्र मला सुचले नाही.

म्हणून हा विषय थोडा तपशिलाने मांडत आहे. तो खर्चाचा नाही, सवयीचा आहे.

गंज कसा चढतो?

लोखंड गंजण्यासाठी हवेतील प्राणवायू आणि पाणी या दोन गोष्टी लागतात. यांत क्षार मिसळला की काम फार वेगाने होते. क्षार विरघळलेले पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि गंजण्याची क्रिया विद्युत-रासायनिक असल्याने तिला वाट मोकळी होते. क्षारांतही क्लोराइड सर्वांत वाईट. तो लोखंडावरील संरक्षक पापुद्रा भेदतो, बारीक खड्डे पाडतो आणि या क्रियेत स्वतः संपत नाही. त्यामुळे थोडासा क्लोराइडही धुऊन काढेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच काम करीत राहतो.

युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमतो. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू साध्या पाण्यापेक्षा कमी असतो म्हणून तेथे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ चाकांबरोबर उडून गाडीच्या खालच्या बाजूला बसते आणि पत्रा कुजवते. तेथील गाडीवाले म्हणूनच हिवाळाभर गाडीची खालची बाजू धुतात. आपल्याकडे बर्फ नाही आणि रस्त्यावर मीठही नाही. पण आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड होय. ते खायच्या मिठाचे सख्खे भावंड आहे आणि काही ठिकाणी बर्फ वितळवण्यासाठीही वापरले जाते. थोडक्यात, थंड देशातील गाडीवर जे संकट हिवाळ्यात येते ते आपल्या पेरणी यंत्रावर आणि ट्रॉलीवर पावसाळ्यात येते.

रंग असताना गंज कसा लागतो, असा प्रश्न पडेल. रंग हा लोखंडाचा कोट आहे. तो अखंड आहे तोवर पाणी आत जात नाही. परंतु दगड लागून टवका उडाला, साखळी घासली किंवा बोल्टखाली रंग चिरला की तेथून क्षाराचे पाणी आत शिरते व रंगाखाली आडवे पसरते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंग फुगतो आणि त्याचे पोपडे सुटतात. वरून रुपयाएवढा दिसणारा डाग खाली तळहाताएवढा पसरलेला असू शकतो. गव्हावरील तांबेऱ्याप्रमाणेच हेही लक्षण दिसण्याआधी सुरू झालेले असते.

कोणते खत किती त्रासदायक?

प्रत्येक खताची हवेतील ओलावा ओढून घेण्याची एक मर्यादा असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता त्या मर्यादेपुढे गेली की कोरडे खत आपोआप ओले होऊ लागते. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला ही मर्यादा साधारणपणे पुढीलप्रमाणे असते.

युरिया : ७२ ते ७५ टक्के
अमोनियम सल्फेट : ७९ टक्के
डीएपी : ८३ टक्के
म्युरेट ऑफ पोटॅश : ८४ टक्के
युरिया व म्युरेट ऑफ पोटॅश एकत्र : ६० टक्के

शेवटची ओळ नीट पाहावी. दोन खते एकत्र आली की मिश्रण प्रत्येक खतापेक्षा कमी आर्द्रतेत पाणी सोडते. यंत्राच्या पेटीत व ट्रॉलीच्या फटीत नेमके असे मिश्रणच साचते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस या मर्यादांच्या आसपास किंवा वर असते. म्हणजे यंत्र छपराखाली असले, त्यावर पावसाचा थेंबही पडला नाही, तरी आतील खत हवेतून पाणी घेते आणि लोखंड भिजत राहते. छप्पर पावसापासून वाचवते, क्षारापासून वाचवत नाही.

खतनिहाय आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाच्या सुमारे ४७ टक्के क्लोराइड असतो. १०:२६:२६ सारख्या खतातील पालाशही सहसा म्युरेटपासूनच आलेला असतो. द्राक्ष बागायतदार पिकाला क्लोराइड नको म्हणून सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात. वेलीला जो नको तो लोखंडालाही नको.

२. अमोनियम सल्फेट पाण्यात विरघळल्यावर द्रावण आम्लधर्मी होते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्येही थोडे मुक्त आम्ल असते. ही खते रंगाचा टवका उडालेल्या जागी लवकर लागतात.

३. युरिया हा मूळचा क्षार नाही आणि एकटा असता तो सौम्य आहे. पण तो ओलावा धरून ठेवतो व इतर खतांना ओले करतो. त्याच्या विघटनातून निघणारा अमोनिया तांबे व पितळेच्या भागांना बाधतो.

४. शेणखत व कोंबडीखत यांतही क्षार, अमोनिया आणि भरपूर ओलावा असतो. सेंद्रिय खत वाहिले म्हणून ट्रॉली धुवायची गरज नाही, हा समज चुकीचा आहे.

ज्यांना खात्री करून पाहायची आहे त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. तीन नवे खिळे साबणाने धुऊन, पुसून घ्यावेत. एक कोरडा ठेवावा, दुसरा रोज साध्या पाण्यात बुडवून ठेवून द्यावा आणि तिसरा रोज पोटॅशच्या पाण्यात बुडवून तसाच ठेवावा. आठवड्याने तिन्ही शेजारी ठेवून पाहिले म्हणजे वेगळे सांगावे लागणार नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांकडून हा प्रयोग करून घेतल्यास घरात यंत्र धुण्याची आठवण करून देणारे कोणीतरी तयार होईल, हा आणखी एक फायदा.

गंज कोठे लपतो?

दिसणारा भाग सगळेच पुसतात. गंज मात्र न दिसणाऱ्या भागात सुरू होतो. धुताना पुढील जागा आवर्जून पाहाव्यात.

पेरणी यंत्र : खताच्या पेटीचा तळ व कोपरे, रोळ्या व त्यांचा दांडा, रोळ्यांखालील सरकपट्टी, साखळी व दातेरी चक्र, खताच्या नळ्यांची तोंडे, फणाच्या मागील बाजू.

ट्रॉली : तळाच्या पत्र्याची खालची बाजू, आडव्या पट्ट्यांचे सांधे, फाळक्यांच्या बिजागऱ्या व कड्या, मागील दिव्यांच्या वायरींचे जोड.

ट्रॅक्टर : मडगार्डची आतील बाजू, पायदानाखालील भाग, बॅटरीची बैठक, मागील जोडणीच्या दांड्या व पिना.

खत फेकणी यंत्र : फिरणारी तबकडी, तिची पाती आणि पेटीच्या तळाचे भोक.

ज्या सांध्यात चिखल साचतो तेथे क्षारही साचतो, कारण चिखल ओल धरून ठेवतो.

धुण्याची रीत

धुणे त्याच दिवशी झाले पाहिजे. कोरडे खत झाडून निघते, ओले झालेले खत वाळून दगडासारखे बसते. रीत पुढीलप्रमाणे ठेवावी.

१. शेतातच पेटी पूर्ण रिकामी करावी. उरलेले खत पोत्यात भरून तोंड बांधावे. पेटीत खत साठवू नये.

२. पाणी लावण्याआधी कोरड्या ब्रशने किंवा खराट्याने पेटी, रोळ्या व सांधे झाडून घ्यावेत. यामुळे निम्मे काम होते आणि पाणीही कमी लागते. टंचाईच्या गावात ही पायरी मुळीच टाळू नये.

३. ट्रॅक्टरचे इंजिन थंड झाल्यावरच पाणी मारावे. आधी खालची बाजू, मग वरची. एका हाताने रोळ्यांचा दांडा फिरवत राहावे म्हणजे दात्यांतील खत सुटते.

४. तेलकट भागासाठी सौम्य साबण वापरावा. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा व इतर क्षार असतात. ती वापरल्यास रंगावरील चकाकी व मेणाचा थर जातो. वापरलीच तर भरपूर पाण्याने धुऊन काढावी.

५. जोराच्या पाण्याचा झोत बेअरिंग, रेडिएटरच्या जाळ्या, डायनॅमो, वायरींचे जोड यांवर मारू नये. ज्या ग्रीसने बेअरिंग वाचायचे तेच झोताने बाहेर निघते.

६. पेटी व पोकळ नळ्यांना पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके तारेने मोकळी करावीत. यंत्र जरा तिरपे उभे करून पाणी निथळू द्यावे.

७. कापडाने पुसून उन्हात किंवा वाऱ्यावर पूर्ण वाळवावे. ओल्या यंत्रावर ताडपत्री टाकणे म्हणजे ओल आत कोंडणे होय.

धुतलेले पाणी कोठे जाते?

हा मुद्दा यंत्राचा नाही, जनावरांचा आहे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. युरिया विरघळलेले पाणी जनावराने प्याले तर अल्पावधीत विषबाधा होते आणि जनावर दगावू शकते. युरिया पाण्यात सहज विरघळतो व ते पाणी दिसायला साधेच असते. म्हणून यंत्र गोठ्याजवळ, हौदाजवळ किंवा विहिरीच्या काठावर कधीही धुऊ नये. शेताच्या उंच कडेला, पाणी पिकात मुरेल अशा ठिकाणी धुवावे. डबके साचू देऊ नये. ज्या बादलीने यंत्र धुतले ती जनावरांना पाणी पाजण्यासाठी वापरू नये.

तेल, ग्रीस आणि मेण

यंत्र वाळल्यावर उघड्या लोखंडाला तेलाचा पातळ हात द्यावा. फणाचे टोक, नांगराचे फाळ व कुळवाची पास जमिनीत घासून चकचकीत झालेली असतात आणि त्यांवर रंग टिकत नाही, म्हणून तेथे ग्रीस चोळावे. साखळी डिझेलने स्वच्छ करून, पुसून तेलात भिजवावी. ग्रीस निपलमधून नवे ग्रीस भरताना जुने, मळके ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे.

गावोगावी इंजिनचे जळके ऑइल सर्वत्र फासण्याची पद्धत आहे. त्यात इंजिनच्या ज्वलनातून आलेले आम्लधर्मी व आरोग्याला घातक घटक असतात. बियाण्याच्या पेटीला व हाताला लागेल अशा भागांना ते लावू नये. स्वच्छ ऑइल थोडेच लागते. तेल रबरी नळ्यांवर सांडू देऊ नये, रबर फुगून मऊ पडते. आणि तेल-ग्रीस लावण्याआधी यंत्र धुतलेले असलेच पाहिजे. क्षारावर तेल फासले तर क्षार तेलाखाली कोंडून राहतो.

ट्रॅक्टरचे बॉनेट व मडगार्ड यांवर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व दिवाळीच्या सुमारास, गाडीसाठी मिळणारे मेणाचे पॉलिश लावावे. पाणी त्यावर न थांबता ओघळून जाते आणि उन्हाने रंग विटण्याचेही प्रमाण कमी होते.

रंगाची दुरुस्ती

टवका लहान आहे तोवर दुरुस्ती घरच्या घरी होते. कोरड्या हवेचे दिवस निवडावेत. सकाळचे दव वाळल्यावर काम सुरू करावे व भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग देऊ नये.

प्रथम ती जागा पाण्याने धुऊन वाळवावी. पुष्कळजण थेट घासायला लागतात, त्यामुळे क्षार खड्ड्यांत आणखी खोल चोळला जातो. मग तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने गंज आणि सुटलेला रंग काढावा. चांगला, घट्ट रंग लागेपर्यंत कड्यांपर्यंत घासावे. पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून त्याच दिवशी रेडऑक्साइड प्रायमर द्यावा, कारण घासलेले उघडे लोखंड एका दमट रात्रीतही पुन्हा गंजू लागते. प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला वाळल्यावर दुसरा. त्यावर एनॅमल रंगाचेही दोन पातळ हात द्यावेत. धारदार कडा, वेल्डिंगचे जोड व बोल्टची डोकी यांवरून रंग सरकतो आणि थर पातळ राहतो, म्हणून तेथे आधी ब्रशने एक जादा हात फिरवावा. जुन्या रंगाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे.

नवीन यंत्र घेताना खताची पेटी प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची मिळते का, रोळ्या सहज सुटतात का, हे विचारावे. किंमत थोडी जास्त असली तरी पेटी बदलण्याच्या खर्चाशी तुलना करून निर्णय घ्यावा.

कोकण आणि खारपाणपट्टा

कोकणात खताबरोबर समुद्राचाही क्षार असतो. खाऱ्या वाऱ्यातून मिठाचे सूक्ष्म कण येऊन पत्र्यावर बसतात. खार जमिनीत चिखलणी करणारा पॉवर टिलर तर प्रत्यक्ष खाऱ्या चिखलात चालतो. अशा शेतकऱ्यांनी चिखलणीच्या काळात रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने यंत्र धुवावे. मासळी किंवा मीठ वाहणारी ट्रॉली प्रत्येक फेरीनंतर धुवावी. गोव्यातील खाजण शेतीलाही हेच लागू आहे.

अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात अडचण वेगळी आहे. तेथे धुण्याचे पाणीच खारे असते. ते वाळले की पत्र्यावर पांढरा थर राहतो. अशा ठिकाणी पहिले धुणे विहिरीच्या पाण्याने करावे, पण शेवटचे विसळणे पावसाच्या साठवलेल्या किंवा कालव्याच्या पाण्याने करावे आणि लगेच पुसून घ्यावे.

फवारणीची साधने

बागायतदारांना बोर्डो मिश्रणाची परीक्षा ठाऊक आहे. द्रावणात लोखंडी चाकू किंवा खिळा बुडवला आणि त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात. तो तांबूस थर म्हणजे द्रावणातील तांबे होय. तांबे बाहेर बसते आणि तेवढे लोखंड द्रावणात जाते. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवला तर हेच भांड्याचे होते. म्हणून मोरचूद नेहमी प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवावा आणि फवारणीनंतर पंप, नळी व नॉझल स्वच्छ पाण्याने धुवावेत. विद्राव्य खते सोडण्यासाठी लोखंडी टाकी असेल तर ती प्रत्येक वेळी रिकामी करून धुवावी.

सामायिक यंत्राचा प्रश्न

स्वतःचे यंत्र असणारा शेतकरी एकवेळ ते धुतो. भाड्याचे, गटाचे किंवा भाऊबंदांतील यंत्र कोणीच धूत नाही. प्रत्येकाला वाटते, आपल्यानंतर दुसरा वापरणारच आहे, तो धुईल. शेवटी ज्याच्या छपरात ते चार महिने राहते त्याच्याकडे बोट दाखवले जाते. आमच्या तीन घरांतही त्या वर्षी हेच झाले. हरभऱ्यानंतर एकत्र बसून एक साधा नियम केला : ज्याने वापरले त्याने धुऊन, वाळवूनच पुढे द्यायचे आणि घेणाऱ्याने रोळ्यांचा दांडा हाताने फिरवून पाहूनच न्यायचे. दांडा सहज फिरला नाही तर यंत्र घ्यायचे नाही. तेव्हापासून यंत्रही चालते आणि बोलाचालीही होत नाही. शेतकरी गटांनी व अवजारे भाड्याने देणाऱ्यांनी असा नियम लिहून यंत्राजवळ लावावा.

शेतकरी बंधूंनो, पेरणीचा शेवटचा तास संपतो तेव्हा अंग थकलेले असते आणि आभाळही भरलेले असते, याची मला जाणीव आहे. तरी पेटी रिकामी करणे, झाडणे, धुणे आणि तेलाचा हात देणे ही चार कामे पेरणीचाच भाग समजावीत. ती झाल्याशिवाय पेरणी संपली असे म्हणू नये. रब्बीत वाफसा येईल तेव्हा तो थांबणार नाही. त्या सकाळी दांडा हाताने फिरला पाहिजे.